वेशीचा राघू, मिस्त्रीची चाबी

मी नांदेडला निघाले म्हटल्यावर चिपळूणला आमच्या आळीत जो तो विचारायला लागला, "गुरुद्वाऱ्याला का हो?" नाही म्हटलं, दगड बघायला. आमच्याकडे दगड बघायला कोणी गावाला जात नाही, जांभा दारातच पडलेला असतो. पण मला हे वेड आहे आणि ते लपवायचं माझं वय आता गेलं. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाले, आणि आता कुठे जुनी इमारत पाडताहेत असं कानावर आलं की मी रिक्षा करून हजर. बाकीचे तिथे नवीन काय उठणार त्याची चौकशी करतात, मी जुनं कुठे टाकणार त्याची. माझ्या पडवीत एका पाडलेल्या पोस्टाची खिडकी बसवली आहे. तिच्यामागे निव्वळ भिंत आहे, तरी मी ती रोज सकाळी उघडते. "आईला घर नको, घराचं हाड हवं," असं माझी लेक मृणाल म्हणते. म्हणेना का!

मार्गशीर्ष सरत आला होता तेव्हा विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाई म्हणजे मृणालच्या सासूबाई, प्रयागबाई. हदगाव तालुक्यातल्या एका गावाच्या सरपंच आहेत. गावाचं नाव लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, निवडणूक जवळ आली आहे म्हणून.

"विहीणबाई, तुमाला मोडक्या बांधकामाचे तुकडे लई आवडतेत न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग या की. आमच्याकडं आख्खी वेस तुकडे होऊन पडली हाय."

"हे आमंत्रण आहे की टोमणा?"

"दोन्ही हाय. पिशवी भरा."

हदगावकडे

नांदेडला उतरले आणि हवेतच फरक कळला. आमच्याकडे थंडीतसुद्धा अंगाला दमट चिकटतं, इथे ओठ फुटले. मृणाल आणि जावई सिद्धार्थ गाडी घेऊन आले होते. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या आणि मग काळी माती सुरू झाली ती संपेचना. आमची लाल माती बघून मोठी झालेली मी, इतकी काळी जमीन बघून पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी जाळलीय. सिद्धार्थ हसला. म्हणाला, "आई, हीच तर सोनं देते." तूर वाळायला लागली होती, ज्वारी कंबरेच्या वर गेली होती.

घरी पोचताच प्रयागबाईंनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि पायांवर पाणी घालून झाल्यावर लगेच भाकरी. ज्वारीची, हातावर थापलेली, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी, त्यावर तेल. मासे नाहीत म्हणून मी मनातल्या मनात कुरकुरत बसले होते, पण तिसरी भाकरी कधी संपली ते कळलं नाही. "वाढू का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हणेपर्यंत चौथी पडली. आमच्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात, इथे वाढून विचारतात.

मग म्हणाल्या, "चला, वेस दाखवते."

शाळेच्या मैदानात वेस झोपलेली होती. खरंच सांगते, मला दुसरा शब्द सुचत नाही. काळे घडीव दगड, एकेक जागच्या जागी, जमिनीवर आडवे मांडून आख्खी कमान जुळवलेली. हे काम गावच्या मारुती गवंड्याचं. प्रत्येक दगडाच्या पाठीवर छिन्नीने खुणा होत्या, त्यावरून त्याने जुळणी केली होती. दोन्ही बाजूंचे खांब मात्र त्याने शाळेकडे येणाऱ्या वाटेवर आधीच चढवून ठेवले होते. वर कमान चढली की वेस उभी.

मी दगडांभोवती फेरी मारली आणि थांबले. कमानीच्या अगदी मधोमध, वरच्या टोकाला, एक जागा रिकामी होती.

"इथला कुठाय?" मी विचारलं.

"तीच तर रड हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "तिथं राघू व्हता."

गोष्ट अशी. पुष्कळ वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला वेस काढायची ठरली. लोक ती घण घालून फोडणार होते, पण उस्मान मिस्त्री नावाच्या गवंड्याने हट्टाने एकेक दगड सोडवला, खुणा केल्या, आणि शाळेच्या भिंतीशी रचून ठेवला. नंतर तो कामासाठी उदगीरकडे निघून गेला. दगड तसेच पडून राहिले. त्यांच्यावर बसून पोरं डबे खात. पण मधला दगड, ज्याच्यावर चोचीत फळ धरलेला राघू कोरलेला होता, तो त्या ढिगात कधीच सापडला नाही. गावात म्हणायची पद्धतच पडली, राघू उडाला.

आता प्रयागबाई सरपंच झाल्यावर त्यांनी वेस पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. आणि उपसरपंच बालाजीरावांना हवी होती सिमेंटची स्वागत कमान, वर मोठ्या अक्षरांत नावं. कोणाकोणाची ते तुम्ही ओळखलंच असेल. ग्रामसभेत जुंपली. शेवटी बालाजीराव म्हणाले, पुरी वेस असेल तर खुशाल उभी करा, पण लंगडी वेस गावाला नको, अशुभ असते. मारुती म्हणाला, राघू नवा घडवून आणू. त्यावर बालाजीराव, "नवाच बसवायचा तर मग नवी कमानच काय वाईट हाय?" लोक हसले आणि ठरलं. पुढच्या ग्रामसभेपर्यंत राघू मिळाला तर जुनी वेस. नाही मिळाला तर सिमेंट, आणि हे सगळे दगड फोडून नाल्याच्या बांधाला. ती ग्रामसभा आठवड्यावर आली होती.

"फोडणार?" माझा आवाज चढला. "हे? फोडणार? कुठे राहतात तुमचे बालाजीराव?"

"हळू बोला, त्यो मागंच हुबा हाय," प्रयागबाई म्हणाल्या. खरोखरच होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याने नमस्कार केला. मी केला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी शाळेच्या पायरीवर बसलो आणि मी सरळ विचारलं, "विहीणबाई, गावात दुसरी कामं काय थोडी आहेत? तुम्ही या वेशीवरच का अडून बसलात?"

त्यांनी बोटाने भुईवर एक आडवी रेघ ओढली.

"आमच्या लोकांची वरात या वेशीतनं येत न्हवती," त्या म्हणाल्या. "मागनं, वढ्याकडनं यायची. हलगी बी वाजवायची न्हाई. माझ्या सासऱ्यानं माझ्या लग्नात ठरवलं, सून आनीन तर वेशीतनं, वाजवत. आदल्या दिशीपासून गावात कुजबूज. म्या बैलगाडीत बसलेली. गाडी वेशीखाली आली अन् म्या वर बघितलं. तर राघू. मनात म्हणलं, ह्यो तर मलाच बघून राहिला. अन् गाडी आत! कुणी आडवं आलं न्हाई." त्यांनी रिकाम्या जागेकडे हात केला. "लोक इचारतेत, तुमाला कशाला पाहिजे ती वेस? आरं, त्या वेशीतनं वाजतगाजत आलेली पहिली सून मी हाय. तिचीच जर माती झाली, तर माझी वरात कुठनं आली म्हणून दाखवू?"

माझी मृणाल याच घरात आली ती चिपळूणच्या कचेरीत सह्या करून, गाडीत बसून, रुंद रस्त्याने. तिला कुठली वेस! मी प्रयागबाईंचा हात धरला आणि म्हटलं, "उद्यापासून राघू शोधायचा. मी आहे."

चाबी चाटू का?

शोधायचा म्हणजे विचारायचा. गावातले सगळ्यात म्हातारे तुकारामबुवा, पूर्वीचे पोलीस पाटील, पारावर उन्हाला बसले होते. कान कमी, आवाज जास्त.

"राघू?" ते ओरडले. "राघूचं मला काय म्हाईत न्हाई. मिस्त्रीनं नेली ती चाबी!"

"कसली चाबी?"

"वेशीची! त्यानं मला सांगितलंबी व्हतं, पाटील, चाबी मी संगं नेऊन राहिलो, हितं कुणीतरी हरवंल. मग दोन-तीनदा निरोप धाडला, चाबी घेऊन जा, चाबी घेऊन जा. म्या म्हणलं, आरं दारं तर सरपणात गेली, आता चाबी चाटू का? ठेव तुझ्याजवळच!" आणि स्वतःच्या विनोदावर ते दात नसलेल्या तोंडाने मनसोक्त हसले.

वेशीला पूर्वी लाकडी दारं होती, त्यांना मोठं कुलूप होतं. त्याची चावी. ती घेऊन आम्हाला काय करायचं होतं! पण एवढं कळलं की मिस्त्री कामाच्या वस्तू जपणारा माणूस होता. राघू कोणी नेला ते त्यालाच ठाऊक असणार.

"उदगीर," प्रयागबाई म्हणाल्या.

"उदगीर," मी म्हटलं, आणि पायांत चपला घातल्या.

उदगीर

कंधार, जळकोट करत एसटी उदगीरला पोचली तेव्हा माझी हाडं मोजून घ्यावी अशी अवस्था होती. प्रयागबाई सबंध वाट झोपल्या आणि उतरताना म्हणाल्या, "रस्ता चांगला झाला की."

उदगीर म्हणजे धान्याचं गाव. आडत बाजारात पोत्यांमधून वाट काढत आम्ही दिसेल त्याला उस्मान मिस्त्री विचारत होतो. इथे माणसं मराठी बोलता बोलता कानडीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. एका खानावळीवाल्याने "या, बर्री, बसा, बर्री," म्हणत आम्हाला ओढलंच. बोरसुरी गावच्या तूरडाळीचं वरण, भात, वर तुपाची धार. आम्ही कोकणी लोक भाताचा फार तोरा मिरवतो, पण वरण कसं असतं ते मला उदगीरला कळलं. त्यानेच सांगितलं, मिस्त्री किल्ल्याच्या बाजूला राहायचा, पण तो औशाला लेकीकडे गेला त्याला बरीच वर्षं झाली. "भंगारवाल्याला विचारा, त्याच्या शेजारीच होतं घर."

भंगारवाला मोठा गोड बोलणारा होता. आम्ही उस्मान मिस्त्रीचं नाव घेतलं, त्याने मान हलवली. प्रयागबाईंच्या तोंडून "वेशीची चाबी" हे शब्द निसटले मात्र, त्याचे डोळे चमकले. आत गेला आणि वीतभर लांब, गंजलेली लोखंडी चावी घेऊन आला.

"हीच ना? मिस्त्रीचीच आहे. मी म्हटलं कोणीतरी येईल."

अगो बाई! मला तर ती बघताक्षणी आवडली. अशी चावी हल्ली मिळते कुठे? प्रयागबाईंचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे इकली म्हणायची त्यानं. माणसाचा काय भरवसा न्हाई बगा. चाबी इकली त्यानं राघू बी इकला असंल." त्या तशाच चावी हातात धरून उभ्या राहिल्या. मी घासाघीस करून ती घेतली, आणि खूश होऊन निघालेली मी एकटीच. प्रयागबाई रात्री लॉजवर जेवल्या नाहीत. कूस बदलत म्हणाल्या, "औशाला जायाचं तरी कशाला आता?" मी म्हटलं, "पैसे घालून चावी घेतलीय, तिचं कुलूप बघितल्याशिवाय मी परत जायची नाही." खरं म्हणजे मलाही धीर नव्हता, पण दोघींनी एकदम हातपाय गाळून कसं चालेल?

औसा, वेळ अमावस्या

लातूरला बस बदलायची होती. स्टँडवर शुकशुकाट. दुकानं बंद, रिक्षा नाहीत, चहाची टपरीसुद्धा बंद. मला वाटलं, दंगल झाली की काय. प्रयागबाई पण गोंधळल्या. औशाला उतरलो तर तिथेही तेच. भंगारवाल्याने सांगितलेल्या पत्त्यावर मिस्त्रीच्या लेकीचं, रजियाचं, घर सापडलं आणि दाराला कुलूप. गल्लीत एक कुत्रं तेवढं होतं.

"घाला तुमची चाबी," प्रयागबाई वैतागून म्हणाल्या.

शेवटी एक मोटारसायकलवाला दिसला. डोक्यावर पितळी हंडा घेतलेली बायको मागे. म्हणाला, "अहो, आज येळवस! गावात कोण सापडणार? समदे रानात." वेळ अमावस्येला लातूर, औसा सगळा मुलूख शेतात जेवायला जातो, हे ना चिपळूणच्या बाईला माहीत, ना हदगावच्या. प्रयागबाई म्हणाल्या, "आमच्याकडं न्हाई असलं." नेमका तोच दिवस आम्ही शोधून काढला होता. आम्ही रजियाचं नाव घेतल्यावर मोटारसायकलवाला म्हणाला, "रजियाभाभी का? त्या आमच्या शेजारच्याच रानात आल्यात. बसा!" आता चौघं आणि एक हंडा एका मोटारसायकलवर कसे बसलो ते विचारू नका.

रानात कडब्याची खोप, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा झाली होती आणि ज्वारीत आंबील शिंपडत लोक "ओलगे ओलगे" असं ओरडत फिरत होते. आम्ही रजियाचं नाव विचारायला तोंड उघडलं की कोणीतरी त्यात घास घालत होतं. भज्जी म्हणजे आम्ही समजतो ती तळलेली भजी नव्हे. सगळ्या पालेभाज्या, ओले दाणे, बेसन घालून शिजवलेली घट्ट भाजी. बाजरीचे उंडे. मडक्यातलं थंडगार आंबील. गव्हाची खीर. "आधी जेवा, मग बोला," हा तिथला कायदा. इतर कोणी मला असं दटावलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं, पण भज्जीच अशी होती.

जेवणं झाल्यावर मातीत हात घासत एक उंच, चाळिशीची बाई आमच्यासमोर येऊन बसली. ओढणी डोक्यावर, नजर थेट. "मैं रजिया. मला शोधून राहिले म्हणे तुमी?"

प्रयागबाईंनी गाव सांगितलं. रजियाने एकदम त्यांचा हात पकडला. "चाबी के वास्ते आये क्या?"

प्रयागबाईंनी पिशवीतून लोखंडी चावी काढून पुढे ठेवली. "ही का? तुमच्या अब्बानं इकलेली?"

रजियाने चावी उचलली, उलटीपालटी केली, आणि इतकी हसली की खोपीतली पोरं बाहेर आली. "ये क्या है? आमची चाबी उठवायला दोन गडी लागतेत!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. रजियाचा नवरा सलीम, त्याचा छोटा हत्ती टेम्पो रानाच्या कडेला उभा होता. त्यात बसून आम्ही घरी गेलो. आतल्या सोप्यात, कोनाड्याखाली, काहीतरी वाकळेत गुंडाळून ठेवलेलं होतं. "अब्बा कुणाला त्याच्यावर बसू देत नव्हते," रजिया म्हणाली आणि वाकळ ओढली.

काळा दगड, वर रुंद, खाली निमुळता. आणि पुढच्या तोंडावर मान वाकडी करून, चोचीत फळ धरून, बसलेला राघू.

प्रयागबाई पुढे होऊन खाली बसल्या. दोन्ही तळवे त्यांनी राघूवर ठेवले. "राघू," एवढंच म्हणाल्या.

"चाबी," रजिया म्हणाली.

"अवो राघू! ह्योच राघू!"

"चाबीच! कमानीच्या मधला दगड. बाकीचे समदे चढवले तरी ह्यो बसल्याबिगर कमान बंद होत न्हाई. ह्यो बसला की कुलूप लागलं. म्हणून चाबी. मिस्त्री लोक असंच म्हणतेत."

मी भिंतीला टेकले. आख्ख्या गावाने राघू शोधला. मिस्त्रीने चाबी जपली. दोन्ही एकच होतं, आणि पारावर बसून तुकारामबुवा विचारत होते, चाबी चाटू का!

"अब्बांनी तीनदा निरोप पाठवला," रजिया सांगत होती. "चाबी घेऊन जा म्हणून. गाववाले बोलले, ठेव तुझ्याजवळ. अब्बांना लई लागलं ते. उदगीरला घर बदललं, मग औशाला आलो, दर टायमाला भांड्यांच्या आधी चाबी टेम्पोत. अम्मी भांडायची. अब्बा बोलायचे, चाबीच नको असंल तर बाकीचे दगड कामून ठेवलेत त्यांनी? येतील. एक दिन येतील." तिने वाकळेची घडी घातली. "मागच्या साली गेले अब्बा."

प्रयागबाईंनी मग त्यांना सगळं सांगितलं. लाकडी दारं, कुलूप, बुवांचा निरोप, सगळं. रजिया ऐकत होती. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. आम्हीही रडलो. त्यात लाजायचं काय?

डोळे पुसून रजिया म्हणाली, "चाबी देते. पण मी संगं येणार. काढली अब्बांनी, तर बसवताना घरचं माणूस पाहिजे का न्हाई?"

"तुमी न्हाई आल्या तर मीच बसवू देणार न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या.

कुलूप लागलं

परतीच्या वाटेवर आम्ही तिघी मागे, राघू मध्ये वाकळेत, पुढे सलीम. वाटेत मिळेल तिथे थांबून आम्ही चहा प्यायलो आणि प्रत्येक टपरीवर प्रयागबाईंनी वाकळ उघडून राघू दाखवला. अर्धापूरला केळी घेतली. एका चौकीवर पोलिसाने विचारलं, "काय माल हाय?" प्रयागबाई म्हणाल्या, "वरात." तो गोंधळला आणि जा म्हणाला.

ग्रामसभेच्या दिवशी दगड थेट ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवला. टेबल कुरकुरलं. बालाजीरावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता काहीतरी खुसपट काढतील, आणि मी पदर खोचून तयारच होते. पण ते राघूच्या चोचीवरून बोट फिरवत म्हणाले, "लहानपणी आमी दगडं मारायचो याला. लागला न्हाई कधी." मग सभेकडे वळून म्हणाले, "पुरी वेस म्हणलं व्हतं म्या. पुरी हाय. लागा कामाला." त्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला.

मी मुक्काम वाढवला. मारुतीने खांबांवर लाकडी साचा चढवला आणि दोन्ही बाजूंनी एकेक दगड वर जाऊ लागला. शाळेतली पोरं अभ्यास सोडून खिडकीत. शेवटी मध्ये तेवढीच एक फट राहिली. सलीम आणि मारुतीने राघू दोरीने वर घेतला. रजिया फळीवर चढली, चुना तिने स्वतःच्या हाताने थापला आणि दगड जागेवर सरकवताना तोंडाने काहीतरी पुटपुटली. मारुतीने लाकडी ठोकळ्याने वरून हलके दोन ठोके दिले. दगड बसला. इतका चपखल बसला की मधून पानही जाऊ नये.

तुकारामबुवांना खुर्चीत बसवून आणलं होतं. ते खालून ओरडले, "मिस्त्रीच्या पोरी! तुझ्या अब्बाला सांग, पाटलाला चाबी पोचली!"

"सांगते!" रजिया वरून ओरडली.

चुना घट्ट झाल्यावर साचा काढायचा दिवस आला. सगळं गाव लांब उभं. मारुतीने पाचरी ठोकून काढल्या, लाकडं खाली आली, आणि वेस उभी राहिली. एक खडासुद्धा पडला नाही. शिट्ट्या, टाळ्या, गुळाच्या परातीवर झुंबड! कोणीतरी रेशमी फीत आणि कात्री आणली होती. प्रयागबाईंनी कात्री बाजूला ठेवली. "वेशीला फीत कामून? ती तर उघडीच असती."

मग त्यांनी माझ्याकडून लोखंडी चावी मागून घेतली आणि रजियाच्या हातात दिली. "तुमच्या सोप्यात चाबीची जागा रिकामी पडली. ही ठेवा तिथं."

आणि एवढ्यात हलगी सुरू झाली. मी वळून बघते तर बाहेरच्या बाजूने बैलगाडी येत होती. गाडीत हिरवी साडी नेसून, कपाळाला मुंडावळ्या बांधून, लाजून लाल झालेली माझी मृणाल, शेजारी सिद्धार्थ. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. प्रयागबाईंनी सगळं ठरवून ठेवलं होतं. "कचेरीतनं सून आनली म्या, वेशीतनं आनायची राहिली व्हती," त्या म्हणाल्या आणि हलगीपुढे स्वतः नाचायला लागल्या. सरपंचबाई नाचताहेत म्हटल्यावर कोण थांबतंय! बालाजीरावसुद्धा हात वर करून नाचले.

गाडी कमानीखाली आली. मृणालने वर बघितलं. ती काय म्हणाली ते हलगीत ऐकू आलं नाही, पण तिच्या सासूने ऐकलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. गाडी आत गेली, हलगी आत गेली, गाव आत गेलं. मी नवरीची आई, डोळे पुसत बाहेरच उभी.

आतून प्रयागबाईंचा आवाज आला, "विहीणबाई! तुमी कामून बाहीर थांबल्या? या की आत!"

मी वर बघत बघत आत गेले.